घट्टे असू द्या, हात फाटू देऊ नका

वाडीच्या खडगाव रोडवर सकाळी आठच्या सुमारास एखाद्या चहाच्या टपरीवर थांबा आणि लोकांचे हात पाहा. गोदामांत पोती, खोकी, तेलाचे डबे, टाईल्स यांची चढउतार करणारी आपलीच माणसे तिथे चहा पीत असतात. तळहातावर पिवळसर घट्टे, पेरांना भेगा, एखाद्याच्या अंगठ्याला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळलेली. संध्याकाळी त्याच भागातल्या जिममध्ये डोकावा. याच घरांतली पोरे तिथे वजन उचलताना दिसतात. त्यांच्याकडे घाम शोषणारी पांढरी पावडर असते, मनगटाचे पट्टे असतात, हातमोजे असतात. बाप दिवसभर वजन उचलतो पोटासाठी, मुलगा तासभर उचलतो शरीर कमावण्यासाठी. हात सांभाळण्याचे शिक्षण मात्र एकट्या मुलाला मिळते. आमचा आक्षेप इथेच आहे.

थोडा हिशेब करू. सिमेंटचे पोते ५० किलोचे. दहा टनांच्या ट्रकात अशी २०० पोती. चौघांच्या टोळीने ट्रक रिकामा केला, तर प्रत्येकाच्या हातून अडीच टन माल गेला. जिममधल्या मुलाने १०० किलोचा बार पाच-पाच वेळा असा पाच फेऱ्यांत उचलला, तर त्याचेही अडीच टनच होतात. त्यानंतर तो घरी येतो, अंडी-दूध घेतो, दोन दिवस त्या स्नायूंना विश्रांती देतो. बापासाठी मात्र फाटकाबाहेर दुसरा ट्रक उभा असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपले रोजचे पोते त्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे.

हातमोजे का घालत नाही, असे आम्ही काही जणांना विचारले. उत्तर मिळाले, "मोजे घातले तं माल सटकते जी. अन् बाकीचे हासते ते वेगळंच."

आधी हसण्याचे बोलू. राठ हात हा कष्टाचा पुरावा, हे खरे आहे आणि त्याचा अभिमान असावाच. घट्टा म्हणजे घर्षणापासून वाचण्यासाठी शरीराने जाड केलेली कातडी. तो शत्रू नाही. पण घट्ट्याची कडा उंच झाली की ती पोत्यात, बारमध्ये अडकते आणि खालच्या जिवंत कातडीसकट उचकटते. मग आठवडाभर पकड ढिली, मजुरी कमी. जिममधली काही पोरेही फाटलेल्या तळहाताचा फोटो मोठ्या अभिमानाने दाखवतात. फाटलेला हात मेहनत दाखवत नाही, निगा राहिली नाही एवढेच दाखवतो.

निगा स्वस्त आहे. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाच घासायच्या वज्रीने घट्ट्याची कडा हलकेच सपाट करावी. पूर्ण काढू नये, ब्लेडने तर मुळीच कापू नये. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. कातडी उचकटलीच तर ओढून तोडू नये. साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. गंजक्या पत्र्याने किंवा खिळ्याने कापले तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता "माल सटकते" या तक्रारीकडे येऊ. ती खरी आहे. ढगळ किंवा जाड मोज्यात पकड कमी होते, कारण बोटांची अर्धी ताकद मोजा दाबण्यातच जाते. मग मोजा योग्य हवा: विणलेला, हाताला घट्ट बसणारा, तळव्याच्या बाजूला रबराचा थर असलेला. सिमेंटचे काम असेल तर पाणी आत न शिरू देणारा मोजा लागतो. ओले सिमेंट कातडी भाजते आणि त्यातल्या क्रोमियममुळे अनेकांना कायमची खाज मागे लागते. हात वारंवार स्वच्छ पाण्याने धुणे हाही त्यावरचा उपायच आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: फिरत्या यंत्राजवळ, पट्ट्याच्या रोलरजवळ मोजे घालू नका, मोज्यासकट हात ओढला जातो. अंगठी, कडे, मनगटाचा दोराही कामाआधी काढून ठेवा.

पकड म्हणजे नुसता जोर नव्हे. बोटे मिटवणारे बहुतेक मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून पाहा. मूठ आवळलीच जात नाही. म्हणून ओझे उचलताना मनगट सरळ, किंचित मागे झुकलेले हवे. पोते उचलताना एक हात वरच्या कोपऱ्याला, दुसरा समोरासमोरच्या खालच्या कोपऱ्याला लावावा आणि ओझे छातीजवळ ठेवावे. खोक्याच्या प्लास्टिक पट्टीत बोटे घालून कधीही उचलू नये, ती सुरीसारखी कापते. बादलीची किंवा डब्याची कडी बारीक असेल तर तिच्यावर रबरी पाईपचा तुकडा चढवावा. जाड मुठीवर भार सगळ्या बोटांत वाटला जातो.

जिममधल्या मुलांनी बार तळहाताच्या मध्यावर न धरता बोटांच्या मुळाशी धरावा आणि अंगठा बाहेरून गुंडाळावा. त्यामुळे कातडीची घडी कमी चिमटते. पट्टे फक्त शेवटच्या जड फेऱ्यांना वापरावेत, नाहीतर पकड कधी वाढणारच नाही. पकड वाढवायला महागडी साधने लागत नाहीत. दोन बादल्यांत दहा-दहा लिटर पाणी भरले की प्रत्येक हातात दहा किलो होतात. त्या घेऊन सरळ पाठीने अंगणात दोन-चार फेऱ्या मारा. आडव्या दांड्याला दहा-वीस सेकंद लटका. दिवसभर ओझी वाहणाऱ्याने मात्र हे करू नये. त्याची मूठ आधीच थकलेली असते. त्याला बोटे उघडण्याचा व्यायाम हवा. पाचही बोटांभोवती रबरबँड घालून पंजा दहा-पंधरा वेळा फाकवावा, एवढे पुरे.

काही खुणा अंगावर काढू नका. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येणे, हातातून वस्तू गळून पडणे, बोट वाकल्यावर अडकणे, यांसाठी मेडिकल किंवा मेयोत दाखवा. सोबत साखरही तपासून घ्या. हातावर बधिर चट्टा असेल, भाजले तरी कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर हात वाचतो. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

पण सगळी जबाबदारी कामगारावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. नगावर किंवा टनावर मजुरी असेल तर मोजा चढवायला घेतलेली दोन मिनिटेही खिशातून जातात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली आणि एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के गेली, असे धरले. म्हणजे हाताची किंमत कायद्याला तेव्हापासून ठाऊक आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळात नोंद झालेल्या हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार यांचा आधार दिला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती हाही हाताचा बचावच आहे, कारण थकलेल्या मुठीतूनच ओझे निसटते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की मोजे मालकाने द्यावेत, मापाचे द्यावेत आणि फाटले की बदलून द्यावेत. हे एकट्याने मागितले तर माणूस हसण्यावारी जातो. टोळीने मुकादमासह मागावे. जे मंडळात नोंदलेले नाहीत त्यांनी आधी नोंद करावी. त्यासाठीचे अर्ज भरून देणे हे वस्तीतल्या शिकलेल्या मुलांचे काम आहे.

आणि जिमला जाणाऱ्या मुलांना एक विनंती. येत्या रविवारी आपल्या वडिलांचा, काकांचा, विटा वाहणाऱ्या आईचा हात हातात घेऊन उजेडात नीट पाहा. वज्री आणि तेलाची बाटली जवळ ठेवा. तुम्हाला जे माहीत आहे, ते त्यांनाही सांगा.