गाठ दिसली, पण कोणती?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिथे गाठ दिसली की ‘काढून टाका’ हा सल्ला घाईचा ठरू शकतो. प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. नाकावाटे शस्त्रक्रिया करायची वेळ सहसा येत नाही.

उपचार गाठीच्या प्रकारावर ठरतो; म्हणूनच एमआरआयकडे केवळ मोजपट्टी म्हणून पाहू नये. हातपाय, जबडा वाढवणाऱ्या ॲक्रोमेगालीतली गाठ एमआरआयच्या ‘टी-२’ प्रकारच्या प्रतिमेत काळसर दिसली, तर ती बहुधा दाट कणांची असते आणि ऑक्ट्रिओटाइडसारख्या इंजेक्शनांना चांगली दाद देते. उजळ दिसणारी, विरळ कणांची गाठ बहुधा मोठी, आजूबाजूला घुसणारी, औषधाला न जुमानणारी. संप्रेरकवाढीची लक्षणे न दाखवणाऱ्या ‘मुक्या’ कॉर्टिकोट्रॉफ (एसीटीएच संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींत अनेकदा द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या दिसतात. तरीही रिपोर्टात अनेकदा मिलिमीटरपलीकडे काही नसते. टी-२ची छटा नोंदवायला वेगळा खर्च येत नाही, हे कुणीतरी बजावायला हवे.

प्रतिमा वाचून उपप्रकार सांगणारी संगणकीय प्रारूपे मात्र जपूनच घ्यावीत. त्यांतली बरीचशी एकाच रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर बेतलेली आहेत. यंत्र बदलले की अंदाज ढळू शकतो. कुशिंगच्या आजारातली बारीक गाठ तर कधी एमआरआयमध्ये दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२चे वर्गीकरण पिट-१, टी-पिट, एसएफ-१ या पेशीघटकांवर आधारलेले आहे, आणि ते तपासायला पॅथॉलॉजिस्टच्या हाती ऊतीचा तुकडाच लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी संप्रेरकांची रक्ततपासणी टाळण्याचे कारण एमआरआय देत नाही.