तुरुंगातली भेट : हक्क की मेहेरबानी?

लॉस एंजेलिस काऊंटीच्या तुरुंगांतून घरी फोन करण्यासाठी १ डिसेंबर २०२३ पासून पैसे पडत नाहीत. देशपातळीवर मात्र पावले उलट पडू लागली आहेत. तुरुंगातील नातवाशी बोलण्याचा खर्च परवडेना म्हणून २००० साली न्यायालयात गेलेल्या वॉशिंग्टनच्या मार्था राइट या आजींच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये अस्तित्वात आला. त्यानुसार संघीय दळणवळण आयोगाने २०२४ मध्ये मोठ्या तुरुंगांसाठी मिनिटाला ६ सेंट अशी दरमर्यादा ठरवली. जून २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली आणि ऑक्टोबरमध्ये आयोगाने मर्यादाच वर नेली. प्रश्न वरकरणी काही सेंटांचा दिसतो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मोठा आहे : कोठडीतील माणसाचा कुटुंबाशी असलेला संबंध हा हक्क आहे की प्रशासनाची मेहेरबानी?

हा प्रश्न काऊंटी तुरुंगाच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. राज्याच्या कारागृहात शिक्षा झालेले कैदी असतात. काऊंटी तुरुंगात मात्र देशभरात बहुसंख्य असतात ते कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही अशी माणसे. मुंबईकरांना ‘शेरीफ’ म्हटले की नगरपालाचे मानाचे पद आठवते. येथे शेरीफ हा निवडून आलेला पोलीसप्रमुख असतो आणि तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्याच हाती असतात. लॉस एंजेलिसच्या शेरीफकडे असलेली तुरुंगव्यवस्था देशातील सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक आहे.

भेटीचा कायदाही याच शहरातून आला. प्रत्यक्ष स्पर्श होईल अशी भेट मिळावी, म्हणून येथील मध्यवर्ती तुरुंगातील कच्च्या कैद्यांनी १९७५ मध्ये दावा दाखल केला. महिनाभराहून अधिक काळ कोठडीत असलेल्या आणि धोकादायक नसलेल्या कैद्यांना अशी भेट द्यावी, असे कनिष्ठ न्यायालयाने म्हटले. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लॉक विरुद्ध रदरफोर्ड’ या निकालात ते फिरवले. शस्त्रे आणि अमली पदार्थ आत येण्याचा धोका पाहता अशा भेटींवर सरसकट बंदी घालणे वाजवी आहे, असे बहुमताने ठरले. दोष सिद्ध न झालेल्या माणसालाही आपल्या मुलाचा हात हातात घेण्याचा घटनात्मक हक्क नाही, हा त्याचा सरळ अर्थ. काचेआडची भेट, पडद्यावरची भेट, वेळ, वार, रद्द होणे हे सारे मग बव्हंशी प्रशासनाच्या नियमांवर उरते.

असे असूनही कुटुंबाची भेट ही केवळ भावनिक बाब नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता रॉब बोंटा यांनी तुरुंगांतील अमानुष परिस्थितीबद्दल लॉस एंजेलिस काऊंटीवर दावा दाखल केला. १९६३ चा मध्यवर्ती तुरुंग बंद करण्याचा ठराव पर्यवेक्षक मंडळाने २०२१ मध्ये केला, तरी ती इमारत आजही वापरात आहे. अशा ठिकाणी बंद्याची प्रकृती ढासळते आहे, औषध मिळत नाही, हे बाहेर सर्वांत आधी कळते ते भेटायला जाणाऱ्यालाच. म्हणून पहिल्या दिवसाची कामे ठरलेली असावीत : शेरीफच्या संकेतस्थळावरून बंद्याचा नोंदणी क्रमांक मिळवणे, त्याच्या आजारांची व औषधांची माहिती तुरुंगाच्या आरोग्य विभागाला कळवणे, वकील गाठणे आणि भेटीची वेळ आरक्षित करणे.

पैशाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. कॅलिफोर्नियात जामीन-कंपनीमार्फत सुटका करून घेतल्यास साधारणपणे जामिनाच्या १० टक्के रक्कम मोजावी लागते आणि आरोप मागे घेतले गेले तरी ती परत मिळत नाही. पूर्ण रक्कम न्यायालयात भरली व आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर ती परत मिळते. ऐपत न पाहता केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला डांबून ठेवता येणार नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या हम्फ्री खटल्यात स्पष्ट केले आहे. वकिलाने हा मुद्दा मांडणे महत्त्वाचे ठरते.

फोन फुकट झाला, तरी तो खासगी झालेला नाही. वकिलाशी होणारे संभाषण वगळता तुरुंगातील फोन ध्वनिमुद्रित होतात आणि सरकारी पक्ष ते पुरावा म्हणून वापरू शकतो. मराठीत बोलल्याने संरक्षण मिळत नाही. भाषांतरकार सहज उपलब्ध असतात. घरची, मुलांची, तब्येतीची विचारपूस करावी. ‘नेमके काय घडले’ हे विचारू नये.

अमेरिकी नागरिक नसलेल्यांसाठी धोका दुहेरी असतो. अटकेनंतर घेतलेले बोटांचे ठसे संघीय यंत्रणांकडे जातात. एच-१बी व्हिसाधारकाची नोकरी गेली, तर त्याला सवलतीचे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. लवकर घरी जाता यावे म्हणून गुन्हा कबूल करण्याचा मोह याच वेळी होतो आणि ती कबुली पुढे हद्दपारीचे कारण ठरू शकते. या परिणामांची कल्पना आरोपीला देणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिया खटल्यात सांगितले. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची तरतूद व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमात आहे. कुलभूषण जाधव प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये याच कलमाच्या आधारे पाकिस्तानला दोषी धरले होते. मात्र अमेरिकेत भारतीयांच्या बाबतीत ही सूचना आपोआप जात नाही; बंद्याने तशी मागणी करावी लागते.

उरतो प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ याचा. सुशिक्षित, नोकरदार समाजात अटकेची बातमी आजारपणाच्या आवरणाखाली झाकली जाते आणि मदत मागण्यातच मोलाचे दिवस वाया जातात. एकटा पडलेला माणूस दबावाखाली सही करतो; ज्याच्यामागे कोणी उभे आहे, तो वकिलाचे ऐकेपर्यंत थांबू शकतो. कायद्याने भेटीला हक्काचा दर्जा नाकारला असल्याने, मिळेल ती प्रत्येक भेट आणि प्रत्येक फोन वापरणे कुटुंबाच्याच हाती राहते. मित्रमंडळींनी अशा वेळी निकाल देण्यापेक्षा गाडी काढून त्या कुटुंबाला भेटीच्या वेळेवर तुरुंगापर्यंत पोचवावे, हे अधिक उपयोगाचे.