नाममुद्रेचे मोल

मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘ब्रँड’साठी ‘नाममुद्रा’ हा प्रतिशब्द वापरला जातो. संतकाव्याच्या अभ्यासकाला मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित आहे. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी कवीची जी खूण येते, ती नाममुद्रा. हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी भेटतात ते अमेरिकन रॅपमध्ये. यशस्वी रॅपर बूट, कपडे वा मद्य विकू लागला की ‘तो बाजाराला विकला गेला’ असा निवाडा आपण चटकन देतो. हा निवाडा मला अपुरा वाटतो. रॅपरचा ब्रँड त्याच्या काव्यावर बाहेरून चिकटवलेला नसतो. तो त्या काव्यातील ‘मी’मधूनच वाढतो, आणि म्हणूनच त्याची किंमतही त्या ‘मी’लाच मोजावी लागते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने एका घरगुती समारंभात संगीत वाजवले. हिप-हॉपचा आरंभ तेथून मानला जातो. रॅप हे या संस्कृतीचे शब्दांग. स्वतःचे नाव पुकारणे, आपली वस्ती सांगणे, प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करून स्वतःची थोरवी गाणे हे त्याचे जुने संकेत आहेत. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांची येथे आठवण व्हावी. ज्यांच्याजवळ नावाखेरीज दुसरी मालमत्ता नव्हती, त्यांनी नावच मोठे केले.

बाजाराला या नावाची किंमत कळली ती १९८६ साली. रन-डीएमसी या त्रयीने आपल्या पायांतील आदिदास बुटांवर गाणे केले. ते कोणत्याही कराराविना केलेले होते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमात हजारो श्रोत्यांनी आपापले बूट उंचावले, ते कंपनीच्या अधिकाऱ्याने पाहिले आणि मग करार झाला. म्हणजे येथे काव्य आधी आले, जाहिरात नंतर.

पुढच्या पिढीने यातून वेगळा धडा घेतला. आपल्या ओळींमुळे दुसऱ्याचा माल खपत असेल, तर माल स्वतःचाच का नसावा? ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढलेला शॉन कार्टर, म्हणजेच जे-झी, हे याचे ठळक उदाहरण. त्याचा ‘रिझनेबल डाउट’ हा पहिला अल्बम १९९६ साली निघाला तो त्याने भागीदारांसह स्थापन केलेल्या रोका-फेला या कंपनीतर्फे. १९९९ मध्ये त्यांनी रोकावेअर हा कपड्यांचा व्यवसाय काढला. २०१३ साली त्याच्या नव्या अल्बमच्या दहा लाख प्रती सॅमसंगने आपल्या ग्राहकांसाठी प्रकाशनापूर्वीच विकत घेतल्या. २०१९ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याला अब्जाधीश ठरवले. कृष्णवर्णीय संगीतकारांच्या श्रमांवर इतरांनी श्रीमंत व्हावे, हा अमेरिकन संगीतव्यवसायाचा दीर्घ इतिहास आहे. त्या पार्श्वभूमीवर स्वतःच्या नावाची मालकी स्वतःकडे ठेवण्याच्या या धडपडीला केवळ लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, मालकीची वस्तू विकताही येते, आणि प्रश्न येथेच सुरू होतो. २००७ साली जे-झीने रोकावेअरचे हक्क आयकॉनिक्स या कंपनीला २० कोटी ४० लाख डॉलरना विकले. दहा वर्षांनी त्याच कंपनीने टोप्यांवरील ‘रॉक’ चिन्हाच्या वापरावरून त्याच्यावर आणि त्याच्या रॉक नेशन या संस्थेवर दावा लावला. २०१९ मध्ये तो तडजोडीने मिटला. कान्ये वेस्टचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या ज्यूद्वेष्ट्या वक्तव्यांनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने त्याच्याशी संबंध तोडले. पण त्याच्याच टोपणनावावरून घडवलेल्या ‘यीझी’ या नावाचे शिल्लक बूट कंपनीने २०२३ पासून पुन्हा विकायला काढले. माणूस नकोसा झाला, तरी त्याच्या नावाचा माल खपत राहिला.

‘तुका म्हणे’ ही मुद्रा तुकोबांना विकता आली नसती, कारण ती त्यांच्या वाणीपासून वेगळी काढताच येत नाही. रॅपरची मुद्रा वाणीपासून सुटी होते, टोपीवर जाते, बाटलीवर जाते आणि अखेर दुसऱ्याच्या ताळेबंदात जमा होते. काव्यातील ‘मी’ बदलू शकतो, स्वतःलाच खोडून काढू शकतो. ब्रँडला ते परवडत नाही. त्याला ओळखीचा, कालच्यासारखाच ‘मी’ हवा असतो. गरिबीची आणि वस्तीची कहाणी हेच ज्याचे भांडवल, त्याला श्रीमंत झाल्यावरही तीच कहाणी सांगत राहावे लागते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ‘मेरे गली में’ हे डिव्हाइन आणि नेझी यांचे गाणे २०१५ साली आले; २०१९ मध्ये डिव्हाइनने गली गँग एन्टरटेनमेन्ट ही कंपनी स्थापली. मुंबईतील गल्ली चार वर्षांत कंपनीच्या नावात आली. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, हे आपण वर्गात आवर्जून शिकवतो. त्याच समाजाच्या पुढील पिढ्यांनी घडवलेल्या काव्याला मात्र गोंगाट म्हणून उंबरठ्याबाहेर ठेवतो. आपले विद्यार्थी ते ऐकतातच. त्यांना निदान एवढे विचारायला शिकवावे की या गाण्यातला ‘मी’ कोण आहे, आणि आज तो कोणाच्या मालकीचा आहे.