वणव्याला दोन वर्षे पुरत नाहीत

दरवर्षी होळीच्या आसपास वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक डोंगराला वणवा लागला आणि इतके हेक्टर जंगल जळून खाक झाले! दोष बहुधा मोहफुले वेचणाऱ्यांवर किंवा तेंदूपाने तोडणाऱ्यांवर येतो. पुढे मृगाचा पाऊस पडतो, डोंगर हिरवा होतो आणि आपण सारे ती बातमी विसरतो. पण खाक झाले म्हणजे नेमके काय झाले? कोणते झाड मेले, कोणते बुडातून पुन्हा फुटले, कोणाचे रोप त्या वर्षी उगवलेच नाही? याचा शोध वनशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी घेऊ शकतो. परंतु आपण त्याला तो नीट घेऊ देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीला आपण दोन वर्षे देतो. जंगलाला ती पुरत नाहीत.

आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलातला वणवा बहुतेक वेळा जमिनीवरून सरपटतो. वाळलेला पाचोळा आणि गवत जाळीत तो पुढे जातो, शेंड्यापर्यंत क्वचितच चढतो. अशा आगीत झाड जगते की मरते हे पुष्कळसे त्याच्या सालीवर अवलंबून असते. सालीच्या आत खोडाची जाडी वाढवणारा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की मरतो. साल दुप्पट जाड असली तर तेवढी उष्णता आत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणूनच मोठा साग उभा राहतो आणि बोटाएवढे रोप करपते. मात्र सागाच्या करपलेल्या रोपाचे मूळ जमिनीखाली जिवंत राहू शकते व पावसाबरोबर त्याला नवा कोंब येतो. तेंदू तर मुळांपासून फुटण्यात पटाईतच!

फसगत होते ती इथेच. विद्यार्थी वणव्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रानात जातो, सगळीकडे हिरवे फुटवे पाहतो आणि ‘जंगल सावरले’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. पण फुटवा हा जुन्याच झाडाचा असतो. ज्या जाती बियांपासून वाढतात त्यांची कोवळी रोपे वर्षानुवर्षे जळत राहिली, तर थोरली झाडे उभी आणि मागे पिढीच नाही, अशी त्या रानाची अवस्था होते. शिवाय झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. जळका भाग आत तसाच राहतो. झाड त्याला कुंपण घालून भोवती नवे लाकूड वाढवते. त्या जखमेतून बुरशी शिरली तर खोड पोकळ व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. तोवर प्रबंध कपाटात गेलेला असतो.

घाईच्या निष्कर्षाची चूक उलट दिशेनेही झालेली आहे. १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण रोखण्याचे प्रयोग सुरू झाले आणि आग म्हणजे शत्रू हे सरकारी सूत्र ठरून गेले. पण ब्रह्मदेशातल्या सागाच्या रानांत आगीपासूनचे संरक्षण अति होत आहे, असा इशारा स्लेड या वनाधिकाऱ्याने १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकातून दिला. बंगाल-आसामातल्या दमट शालवनांत आग थांबल्यावर सदाहरित झुडपे माजली आणि शालाची रोपे वर येईनात. अखेर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वनखात्यालाच तिथे नियंत्रित जाळ लावावा लागला. इकडे १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणारा गावकरी मात्र गुन्हेगार! अर्थात दमट रानाचा हा धडा विदर्भाच्या कोरड्या रानाला जसाच्या तसा लावणे तितकेच चूक होईल. ‘वणवा चांगला की वाईट’ हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या झाडाला, कोणत्या महिन्यात, किती वर्षांच्या अंतराने, असे विचारले पाहिजे.

आणि या उत्तरावर माणसांची पोटे अवलंबून आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपानांसाठी झाडांची छाटणी होते, आग लावली जाते, म्हणून तिथल्या ग्रामसभेने पानांची तोडणीच बंद केली. हातची कमाई सोडली. अशा निर्णयामागच्या अनुभवाला आपल्या प्रबंधांत एक ओळ तरी मिळते का?

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या विद्यापीठांत हे विषय शिकवले जातात, त्यांनी जवळच्या रानात काही जळलेले आणि काही राखलेले तुकडे कायमचे आखून घ्यावेत. प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला लावावा, त्याचा छातीच्या उंचीवरचा घेर नोंदवावा, रोपे मोजावीत. आणि दर तुकडीच्या विद्यार्थ्याने मागच्याची वही पुढे चालवावी. ‘मग त्याचे स्वतंत्र काम ते काय?’ असा आक्षेप येईल. पण प्रश्न त्याने स्वतःचाच घ्यावा. नोंदी तेवढ्या परंपरेने चालाव्यात. हे अशक्य नाही. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली आखलेल्या ५० हेक्टरांच्या तुकड्यात कोणते झाड मेले, कोणते नवे आले, याची वर्षावर्षाची नोंद ठेवली जाते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी, आपला याच्याशी काय संबंध, असे म्हणून वाचकांनी हे पान उलटू नये. कोणत्या साली कोणते रान जळले, आग कोणी व कशासाठी लावली, हे झाडाच्या वर्तुळांना अर्धेच ठाऊक असते. उरलेले अर्धे गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि जुन्या दप्तरांत पडलेले आहे. ते विचारणे, वाचणे आणि लिहून ठेवणे हे इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि भाषेच्या विद्यार्थ्यांचेच काम होय. त्यांनी ते वनशास्त्राच्या विद्यार्थ्याशेजारी बसून करावे. पदवी ज्याची त्याला मिळो. वही मात्र त्या जंगलाच्या नावाने राहावी.