पिशवीतले कागद

संपादक महोदय,

पक्षकार पिशवीत कागद कोंबून आणतात, ही निव्वळ बेपर्वाई, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. मंगरूळपीरमध्ये करसल्लागाराचे काम करताना मला तसे दिसत नाही. खताच्या धुतलेल्या पिशवीत सातबारा, फेरफार, बाजार समितीच्या पट्ट्या, सोसायटीचा बेबाकी दाखला असे सगळे एकत्र असते, कारण पावसाळ्यात घरातली तीच जागा कोरडी. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर 'जिल्हा अकोला' असते. त्यांची नक्कल काढायची तर हेलपाटे ठरलेले. ते ज्याने जपले, त्याला बेपर्वा कसे म्हणावे?

काळजी वाटते ती मोबाइलवरून येणाऱ्या फोटोंची. व्हॉट्सॲपवर साधा फोटो आकसतो, गट नंबर वाचता येत नाही. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर स्पष्ट राहतो. थर्मल कागदावरच्या पावत्या पुसट होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढावी. आधार तर कुणालाही सरसकट पाठवू नये. शेवटचे ४ अंकच दिसणारे मास्क्ड आधार बहुतेक ठिकाणी पुरते. हे पक्षकाराला समजावून सांगणे आम्हा व्यावसायिकांचे काम आहे, आणि त्यात आम्हीच कमी पडतो.

– एक करसल्लागार, मंगरूळपीर, जि. वाशीम