पावलांचाही डोस लिहून द्या

बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत बऱ्यापैकी चालत आलेला माणूस उंबरठ्याशी येऊन थबकतो. पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. मागून मुलगा म्हणतो, 'बाबा, चला ना.' सून हाताला धरून पुढे ओढते. वरचे अंग पुढे जाते, पाय जागेवरच राहतात आणि माणूस पडतो. तोच माणूस संध्याकाळी जिना मात्र न अडखळता चढतो. मग घरात कुजबुज सुरू होते, 'मुद्दाम तर करत नाहीत ना?' पार्किन्सन्सच्या रुग्णाला कंपापेक्षाही हा संशय जास्त छळतो.

यात मुद्दाम काहीच नसते. चालणे, वळणे, खुर्चीतून उठणे ही कामे निरोगी माणूस विचार न करता करतो, कारण मेंदूच्या खोल भागातील बेसल गँगलिया त्यांची सूत्रे परस्पर हलवत असतात. त्यासाठी लागणारे डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात आणि 'आपोआप' होणारी हालचाल बिघडते. पावले आखूड होतात, हात झुलायचे थांबतात, अरुंद दारात पाय गोठतात. पण डोळ्यांसमोर खूण असली किंवा कानावर ठेका पडला, तर मेंदू दुसऱ्या वाटेने तीच हालचाल जाणीवपूर्वक करू शकतो. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे अशीच एक खूण.

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने एका नातेवाइकाच्या बाबतीत नेमके हेच टिपले. सपाट जमिनीवर कष्टाने चालणारे ते गृहस्थ जिना सहज चढत होते. तिने जिन्याचा भास होईल असे चित्र जमिनीवर चिकटवले आणि ते त्यावरून चालत गेले. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ साली दिलेल्या व्याख्यानात तिने हा अनुभव सांगितला. त्याच देशातील डॉक्टरांनी २०१० साली अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती, ज्याला धड चार पावले टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो व्यवस्थित सायकल चालवून आला.

अशा नोंदी वाचून थक्क व्हायला होते, पण बाह्यरुग्ण विभागात त्यांचा उपयोग फारसा होताना दिसत नाही. निदान झाले की लेवोडोपाची गोळी लिहून दिली जाते. ते योग्यच आहे. १९६०च्या दशकाअखेरीस आलेल्या या औषधाने लाखो रुग्णांना अंथरुणातून उठवले आणि आजही त्याला तोड नाही. मात्र ही गोळी मंदपणा आणि ताठरपणा जेवढा कमी करते, तेवढा तोल सावरत नाही, आणि आजार वाढल्यावर गोठणाऱ्या पायांपुढे ती पुष्कळदा अपुरी पडते. रुग्ण पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि त्यानंतर अनेकांचे चालणे कायमचे थांबते. उरलेले हे काम हालचालींच्या प्रशिक्षणाचे आहे, आणि चिठ्ठीवर त्याच्या वाट्याला फार तर दोन शब्द येतात : 'फिजिओथेरपी सल्ला'.

असा नावापुरता सल्ला उपयोगाचा नसतो, हे आता पुराव्याने सांगता येते. ब्रिटनमधील ७६२ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली आले. सौम्य ते मध्यम आजार असलेल्या निम्म्या रुग्णांना आठ आठवड्यांत साधारण चार वेळा फिजिओथेरपी व व्यवसायोपचार मिळाले. दैनंदिन कामांत त्यांना काहीच फायदा झाला नाही. काहींनी यावरून फिजिओथेरपीच निकामी ठरवली. तो निष्कर्ष चुकीचा आहे. मधुमेहाची गोळी महिन्यातून चारदा दिली आणि साखर उतरली नाही, तर दोष गोळीचा नसतो.

पुरेसा डोस दिल्यावर चित्र बदलते. अमेरिकेतील १९५ रुग्णांच्या अभ्यासात (२०१२) आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची शिकलेल्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. २०१८ सालच्या दुसऱ्या अभ्यासात नुकतेच निदान झालेल्या, अद्याप औषध सुरू न केलेल्या १२८ जणांचा समावेश होता. ज्यांनी ट्रेडमिलवर चांगला दम लागेल असा व्यायाम केला, त्यांची लक्षणे सहा महिन्यांत जवळपास तिथेच राहिली. व्यायामाचा कार्यक्रम नसलेल्यांची वाढली. व्यायामाने आजार थांबतो, असे यावरून म्हणता येणार नाही. सहा महिने हा फार छोटा काळ आहे. पण निदानाच्या दिवशीच व्यायाम सुरू करावा, एवढे म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे.

'रोज जरा फिरत जा' हे सांगणे म्हणजे व्यायामाची चिठ्ठी नव्हे. आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटे, किती जोराने आणि गोळी घेतल्यावर किती वेळाने, हे लिहायला हवे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका दम लागावा. पावले आणि हात मुद्दाम मोठे टाकावेत, कारण रुग्णाला स्वतःची आखूड हालचालही पुरेशी वाटत असते. खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठणे, जागच्या जागी गर्रकन न वळता अर्धगोलात वळणे, चालताना हातात चहाचा कप घेऊन गप्पा न मारणे हे सराव करून शिकावे लागते. उभे राहताच रक्तदाब उतरतो का आणि हृदय कसे आहे, हे मात्र आधी तपासलेच पाहिजे.

घरच्यांनाही शिकवावे लागते. पाय गोठले की ओढायचे नाही, घाई करायची नाही. रुग्णाने थांबावे, सरळ उभे राहावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे, मनात 'एक, दोन' म्हणावे आणि मग मोठे पाऊल टाकावे. दाराशी एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर पुष्कळांचा उंबरठा सुटतो. खर्च एका रिळाचा.

ठेक्याचेही तसेच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी हे काम केले आहे. जिथे टाळ-मृदंगावर पावली टाकणारी माणसे गावोगाव आहेत, तिथे ठेक्यासाठी यंत्र विकत आणण्याची गरज नाही. भजनी मंडळातले एखादे आजोबा गटाला पाऊल धरायला सहज शिकवतील.

अडचण पुढेच आहे. खुणा आणि ठेक्याचा युरोपात तीन देशांत घरोघरी जाऊन जो अभ्यास झाला (२००७), त्यात तीन आठवड्यांच्या सरावाने चाल सुधारली, पण सराव थांबल्यावर सहा आठवड्यांत ती सुधारणा बरीचशी ओसरली. म्हणजे हा उपचार सतत आणि घराजवळ मिळाला तरच टिकतो. शहरातल्या रुग्णाला मंडळे आणि वर्ग सापडतात. तालुक्याच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालय गाठावे लागते, आणि तिथे फिजिओथेरपिस्टच्या एका टेबलापाशी गुडघे, खांदे, पक्षाघात असे सगळे रांगेत असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतले आणि पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवली. त्यातून रुग्णांच्या हाती बहुधा प्रमाणपत्रच पडते.

जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पार्किन्सन्सचा गट घेतला, तर एक फिजिओथेरपिस्ट तासाभरात दहा-बारा जणांना शिकवू शकतो. सोबत आलेली लेक किंवा सून तेच घरी करून घेऊ शकते. त्यानंतरचा पाठपुरावा जवळच्या आरोग्य केंद्रात होऊ शकतो. ज्या रुग्णाचा तोल फारच गेलेला आहे, त्याला अर्थात एकट्याने वेळ द्यावा लागेल.

एक सुधारणा तर त्याहून सोपी आहे. सकाळी सहाची गोळी घेऊन एसटीने निघालेला रुग्ण केसपेपरच्या रांगेतून, डॉक्टरांच्या खोलीतून व्यायाम विभागात पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. गोळीचा परिणाम ओसरलेला असतो, अंग आखडलेले असते आणि 'यांना काही जमत नाही' असा शेरा पडतो. केसपेपरवर गोळीची वेळ लिहायला एक रकाना ठेवला आणि त्या हिशेबाने आधी व्यायामाला, मग तपासणीला पाठवले, तरी त्याच रुग्णाची चाल वेगळी दिसेल.