एजन्सीचा माणूस, विश्वस्तांची जबाबदारी

समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर बहुधा व्यापारी मंडळीच असतात. सोनोग्राफीचे यंत्र घ्यावयाचे असले की ही मंडळी तीन ठिकाणची दरपत्रके मागवितात, हमीची मुदत पाहतात, सुटे भाग कोठे मिळतील याची चौकशी करतात. वॉर्डातील आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, दारावरचे रखवालदार आणि अलीकडे परिचारिकासुद्धा एजन्सीमार्फत घेताना मात्र एकच प्रश्न विचारला जातो : सर्वांत कमी दर कोणाचा? या वेळी त्या कमी दराचाच हिशेब मांडून पाहू.

सोयीसाठी असे धरू की आयाचे किमान वेतन महागाई भत्त्यासह महिना १४,००० रुपये आहे. प्रत्यक्ष आकडा परिमंडळ व कामाचे कौशल्य यांनुसार बदलतो. तो शासनाच्या चालू अधिसूचनेतून घ्यावा. या रकमेवर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा प्रशासकीय व विमा आकारासह १३ टक्के, म्हणजे १,८२० रुपये. राज्य कामगार विमा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये. बोनस ८.३३ टक्क्यांप्रमाणे सुमारे १,१६६ रुपये. एवढ्यातच बेरीज १७,४४१ वर गेली. साप्ताहिक सुटीच्या दिवशी येणारी बदली बाई, भरपगारी रजा, गणवेश हे अजून धरलेलेच नाही. एजन्सीचा सेवा आकार सात टक्के धरला, तर रक्कम १८,६६२ होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की बिल जवळपास २२,००० रुपयांचे होते.

आता समजा, एका एजन्सीने ‘सर्व करांसह १७,००० रुपये’ असा दर भरला. त्यातून जीएसटी वजा करा, उरतात १४,४०७. त्यातून किमान वेतन वजा करा. उरतात ४०७ रुपये. या चारशे सात रुपयांत निधी, विमा, बोनस, बदली, गणवेश आणि एजन्सीचा नफा बसवावयाचा आहे. तो बसत नाही हे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलालाही कळेल. असा दर स्वीकारताना कोणाच्या तरी ताटातील काढून घेतले जाणार आहे, हे मंडळाने जाणूनच स्वीकारलेले असते.

विश्वस्तांवर दराचा ताण का येतो, तेही समजून घेतले पाहिजे. आपल्या पेढीवर सेवेसाठी भरलेला जीएसटी बहुधा पुढील करातून वळता होतो, म्हणून व्यापाऱ्याला त्या अठरा टक्क्यांची फारशी झळ लागत नाही. रुग्णसेवा मात्र बहुतांशी जीएसटीमुक्त आहे. त्यामुळे रुग्णालयाला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि एजन्सीच्या बिलावरील अठरा टक्के थेट खर्चात जातात. म्हणजे कायमची गरज असलेल्या जागेवर एजन्सीचा माणूस ठेवला, तर सेवा आकार आणि कर मिळून वेतनाच्या हिशेबावर सुमारे पंचवीस टक्के अधिक मोजावे लागतात. मग हे स्वस्त कसे ठरते? ते स्वस्त ठरते ते वरच्या चारशे सात रुपयांच्या गणितानेच. माझे स्पष्ट मत असे की बारमाही कामासाठी स्वतःच्या नेमणुका कराव्यात आणि एजन्सी ही प्रसूती रजा, डेंग्यूचा हंगाम, नवा वॉर्ड सुरू होण्याचा काळ अशा तात्पुरत्या निकडीसाठी ठेवावी.

दुसरी गोष्ट बिल चुकते करण्याची. एजन्सीने पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा अशी आपली अपेक्षा असते आणि ती कायद्याला धरूनच आहे. पण रुग्णालय बिल कधी देते? विमा कंपन्यांचे दावे अडकले, शासकीय योजनेचे पैसे आले नाहीत, या सबबींखाली साठ-नव्वद दिवस. त्या काळात एजन्सी स्वतःचे भांडवल घालून रुग्णालय चालवीत असते. बँकेच्या भाषेत हे बिनव्याजी खेळते भांडवल झाले, आणि जगात बिनव्याजी काहीच मिळत नाही. ते व्याज आयांच्या पगारातून किंवा त्यांच्या निधीच्या थकबाकीतून वसूल होते. सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचा २००६ च्या कायद्यातील नियम व्यापाऱ्यांना अलीकडे आयकराच्या तरतुदीमुळे तोंडपाठ झाला आहे. मनुष्यबळ पुरविणारी नोंदणीकृत लहान एजन्सीही त्याच नियमाखाली येते, याचे स्मरण मंडळाच्या सभेत क्वचितच होते.

निवृत्तीनंतर एका धर्मादाय रुग्णालयाचे हिशेब पाहण्याचा योग आला. एजन्सीच्या प्रत्येक बिलाला भविष्य निर्वाह निधीचे चलन टाचलेले होते आणि लेखापालाने त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला होता. चलनावर एकूण रक्कम असते, नावे नसतात. नावे मासिक विवरणपत्रात, म्हणजे ईसीआरमध्ये असतात. ते मागविले तेव्हा त्यात दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यातील कामगारांची नावे निघाली. रुग्णालयातील एकही नाव नव्हते. म्हणून चलनाबरोबर ईसीआर मागावा, त्यातील यूएएन क्रमांक आपल्या मस्टरशी ताडून पाहावेत, आणि अधूनमधून दोन-चार कामगारांना त्यांच्याच मोबाइलवर उमंग ॲपमधील पासबुक उघडावयास सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

पगार बँक खात्यात जमा झाला की आपण निर्धास्त होतो. तेथेही एक खोच आहे. कित्येक ठिकाणी कामगारांची एटीएम कार्डे मुकादमाच्या खिशात असतात. पगार झाला की तोच पैसे काढतो आणि आपला वाटा ठेवून उरलेले हातावर ठेवतो. बँकेतील नोंदी पाहाव्यात तर सारे निर्दोष. हे ताळेबंदात कधीच दिसत नाही. इन्चार्ज सिस्टरने एखाद्या मावशीला एकांतात विचारले तरच कळते.

‘ती माणसे आमची नाहीत, एजन्सीची आहेत’ हे वाक्य विश्वस्तांच्या तोंडी असते. कायदा तसे मानीत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाप्रमाणे कंत्राटदाराने वेतन थकविले, तर ते मुख्य मालकाने द्यावे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी हेच तत्त्व तेथे कायम आहे. निधी आणि विम्याच्या वर्गणीचीही अंतिम जबाबदारी मुख्य मालकाकडेच येते. एजन्सी गाशा गुंडाळून निघून जाऊ शकते. रुग्णालयाची इमारत जागची हलत नाही, आणि वसुली अधिकारी तिच्याच दारात येतो.

पैशांहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावयाचे आहे, त्याची आरोग्य तपासणी करावयाची आहे, आणि हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस टोचावयाची आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस असतात : पहिला, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ज्या एजन्सीची माणसे दर तीन महिन्यांनी बदलतात, तिचा सफाई कामगार तिसऱ्या डोसापर्यंत पोहोचतच नाही. पिवळ्या पिशवीत चुकून टाकलेली सुई टोचते ती नेमकी त्यालाच. कराराच्या कागदावर ‘लसीकरणाची जबाबदारी एजन्सीची’ असे लिहून हा धोका टळत नाही. लस रुग्णालयानेच द्यावी. खर्च अल्प असतो.

कोलकात्याच्या ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयास ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे आग लागली. तळघरातून वर चढलेल्या धुराने नव्वदच्या आसपास माणसे दगावली. जवळच्या वस्तीतील तरुण मदतीला धावून आले असता पहारेकऱ्यांनी त्यांना प्रथम परत पाठविले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते. नंतर अटक झाली ती संचालकांना. रात्री तीन वाजता रुग्णालयाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस बहुधा दारावरचा रखवालदार असतो. अग्निशमन दलाला केव्हा बोलवावे आणि कोणते दार उघडावे, हे त्याला कोणी शिकविले आहे का?

येथे काही सल्लागार विश्वस्तांना बिचकवितात : एजन्सीच्या माणसांना तुम्ही शिकविले, त्यांच्यावर थेट देखरेख ठेवली, तर ते उद्या ‘आम्ही तुमचेच कामगार’ असा दावा करतील. ही भीती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात म्हटले आहे की कंत्राट केवळ देखावा असेल, तर कामगार मुख्य मालकाचा ठरू शकतो. तरीही ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोठे बंद होतो हे न शिकविण्याइतके शहाणपण कोणत्याही रुग्णालयाला परवडणार नाही. नेमणूक, वेतन, रजा व शिस्त ही एजन्सीकडे राहू द्यावी. सुरक्षेचे शिक्षण आपण द्यावे व त्याची नोंद ठेवावी.

परिचारिकांच्या बाबतीत महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र मूळ प्रतीत पाहावे आणि नूतनीकरणाची तारीखही वाचावी. एजन्सीने पाठविलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. हजेरीपटावर सही मुकादमाची नको, पाळीच्या इन्चार्ज सिस्टरची हवी. बिल तिच्या पटावरूनच काढावे. रात्रपाळीला आलेला वॉर्डबॉय दिवसभर दुसऱ्या रुग्णालयात उभा राहून आला आहे का, हे तिलाच त्याच्या डोळ्यांवरून समजते.

राहिला एजन्सी बदलण्याचा प्रसंग. बहुतेक वेळा माणसे तीच राहतात, फक्त गणवेशाचा रंग बदलतो. जुन्या एजन्सीकडील शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि पाच वर्षे भरलेल्यांचे उपदान याच वेळी बुडते, कारण नव्या एजन्सीच्या दृष्टीने ही बाई कालच रुजू झालेली असते. म्हणून करारातच अट घालावी की शेवटचे बिल आणि सुरक्षा ठेव प्रत्येक कामगाराच्या सहीचे हिशेबपत्रक सादर झाल्यावरच सुटेल. ते पत्रक मराठीत असावे आणि सही घेण्यापूर्वी वाचून दाखवावे.